राखीव खेळाडूंची रांग

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी एकतीस वर्षं माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षणाचा शिक्षक होतो. १९८१ साली लागलो, २०१२ साली निवृत्त झालो. शाळा सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची. मुलं आम्हाला 'पी.टी.चे सर' म्हणत. आमच्या आधीच्या पिढीला 'ड्रिल मास्तर' म्हणत, आणि त्यातले बरेचसे फौजेतून निवृत्त होऊन आलेले असत. शिट्टी, खाकी चड्डी आणि 'सावधान-विश्राम' एवढं आलं की त्यांचं काम झालं अशी समजूत होती. खेळ हा शिकवण्याचा विषय आहे आणि तो शिकवणाऱ्याला स्वतःला आधी शिकावं लागतं, ही कल्पना आपल्याकडे तशी उशिराच आली. १९२० साली हॅरी बक यांनी मद्रासला वायएमसीएचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय काढलं. आपल्याकडे कांदिवलीची सरकारी संस्था १९३८ ची. पण संस्था निघाल्या तरी शिक्षकांच्या खोलीतली आमची खुर्ची दाराजवळच राहिली. गणिताचा अभ्यासक्रम मागे पडला की गणिताचे सर आमचा तास मागायला येत आणि आम्ही तो देत असू. मी एकदा गमतीनं त्यांचा तास मागून बघितला. ते खूप हसले.

हे गाऱ्हाणं नाही. दाराजवळच्या खुर्चीवरून बाहेरचं मैदान चांगलं दिसतं.

वर्गातल्या शिक्षकाला मूल पस्तीस मिनिटं दिसतं, तेही बाकाच्या वरचं, अर्धं. आम्हाला ते पायापासून दिसतं. कुणाच्या चपलेचा अंगठा तुटलाय, कोण सकाळी काही न खाता आलंय, कोण आज उगाच चिडचिड करतंय, कोणाच्या दंडावर वळ आहेत, हे मैदानावर लपत नाही. आठवीतली एक मुलगी दोन फेऱ्या मारल्या की खाली बसायची. मी तिला आळशी म्हणत होतो. पुढे आरोग्य तपासणीला डॉक्टर आले, तेव्हा कळलं की तिच्या अंगात रक्तच कमी आहे. तेव्हापासून खाली बसणाऱ्या मुलीला मी आधी पापणी खाली ओढून दाखवायला सांगत असे आणि मग बोलत असे. बी.पी.एड.च्या पुस्तकात ते होतं की नाही आठवत नाही, मी मात्र त्या मुलीकडून शिकलो.

आमच्या शाळेचा खेळ खो-खो. त्याला साहित्य लागत नाही. दोन खांब, थोडी फक्की आणि खडे वेचलेली जमीन असली की झालं. पुण्यात डेक्कन जिमखान्यानं १९१४ च्या सुमारास या खेळाचे नियम बांधले, त्यालाही शंभराहून जास्त वर्षं झाली. हा खेळ गरीब शाळांना परवडतो म्हणून टिकला, असं माझं मत आहे. मुलींचा संघ करायचा म्हटल्यावर पहिली अडचण आली ती एसटीची. वाड्या-वस्त्यांवरच्या मुलींना पास फुकट होता, पण शेवटची गाडी साडेपाचला सुटायची आणि शाळा पाच वाजता. सराव करायचा कधी? दोन वर्षं मी पालकांना समजावत हिंडलो की उशीर झाला तर मी घरी आणून सोडेन. एकाही बापानं ऐकलं नाही, आणि आज विचार केला तर त्यांचं बरोबरच होतं. शेवटी आगाराच्या व्यवस्थापकांना भेटलो. गाडी उशिरा सोडणं त्यांच्या हातात नव्हतं, पण सकाळची पहिली गाडी साडेसातला यायची. म्हणून आमचा सराव सकाळी पावणेआठला ठेवला. सरावानंतर मुली शाळेच्या हौदावर हातपाय धुवून, दप्तरातली भाकरी खाऊन प्रार्थनेला उभ्या राहत. पुढे मुलींनीच भाकऱ्यांच्या वाटण्या ठरवल्या. जिच्या डब्यात नुसती चटणी असेल तिनं कुणाच्या शेजारी बसायचं, हे त्या माझ्यासमोर कधी बोलल्या नाहीत.

क्रीडा शिक्षकाविषयी बोलायचं म्हटलं की महाराष्ट्रात एक नाव आपोआप येतं, रमाकांत आचरेकर सरांचं. शिवाजी पार्कवर त्यांनी शेकडो मुलं घडवली, त्यांना १९९० साली द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला आणि जानेवारी २०१९ मध्ये ते गेले. त्यांच्या गोष्टी आपण सगळ्यांनी ऐकल्या आहेत. यष्टीवर रुपयाचं नाणं ठेवायचं, सचिन बाद झाला नाही तर नाणं त्याचं. स्कूटरवर मागे बसवून त्याला एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर सामन्यासाठी न्यायचं. आणि ती वानखेडेची गोष्ट. सचिन आपला स्वतःचा सामना सोडून शाळेच्या मोठ्या संघाचा सामना बघायला, टाळ्या वाजवायला गेला होता. सरांनी त्याला गाठलं आणि बजावलं की, दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवायला यायची तुला गरज नाही, लोक तुझ्यासाठी टाळ्या वाजवतील असं खेळ. सचिननं ही गोष्ट स्वतः अनेकदा सांगितली आहे. नोव्हेंबर २०१३ मध्ये निवृत्तीच्या दिवशी त्याच वानखेडेवर तो हेही म्हणाला की, सरांनी मला कधी 'छान खेळलास' म्हटलं नाही, आता सामने संपले, आता म्हणायला हरकत नाही.

या दोन्ही गोष्टी मी वर्गात, शिबिरात कितीतरी वेळा सांगितल्या. पण सांगताना मला दर वेळी कुठेतरी टोचायचं. शाबासकी न देण्याचं औषध ज्या मुलाला घरी, गल्लीत, शाळेत सगळीकडे शाबासकी मिळते त्याला लागू पडतं. आमच्या मुलींपैकी काहींना जन्मापासून कुणी 'छान' म्हटलेलं नव्हतं. त्यांना मी ते औषध दिलं असतं तर त्या उपाशीच मेल्या असत्या. आणि टाळ्यांचं म्हणाल तर, खो-खोच्या संघात त्या वेळी बारा जणी असत आणि खेळायच्या नऊ. उरलेल्या तिघींना टाळ्याच वाजवायच्या असतात. त्यांना काय शिकवायचं?

आचरेकर सरांच्याच शाळेतली एक गोष्ट मी याला जोडून सांगतो. फेब्रुवारी १९८८. आझाद मैदान, हॅरिस शील्डचा उपांत्य सामना, शारदाश्रम विरुद्ध सेंट झेवियर्स. सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची नाबाद भागीदारी केली, कांबळी ३४९, तेंडुलकर ३२६. हे आकडे आपल्याला पाठ आहेत. पण त्या वेळी पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून एक मुलगा बसून होता, अमोल मुजुमदार. आता जाईन, मग जाईन, करत तो बसला आणि ती जोडी फुटलीच नाही. त्याची पाळी आलीच नाही.

पुढे त्यानं मुंबईच्या रणजी पदार्पणातच २६० धावा काढल्या, प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा केल्या आणि तरी भारताच्या संघात त्याला एकदाही जागा मिळाली नाही. पॅड बांधून बसणं जणू त्याच्या पत्रिकेतच होतं. मग २०२३ साली तो भारतीय महिला संघाचा प्रशिक्षक झाला आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत त्या मुलींनी विश्वचषक जिंकला. सामना संपल्यावर मी दूरदर्शनसमोर बसून मुलींकडे कमी आणि त्यांच्याकडेच जास्त बघत होतो. राखीव मुलीशी कसं बोलायचं हे या माणसाला कुणी शिकवावं लागलं नसणार, असं मनात आलं. हा माझा आपला अंदाज. पण मला स्वतःला ते फार महागात शिकावं लागलं, आणि तेच सांगायला मी आज आलो आहे.

१९९८ सालची गोष्ट. आमचा मुलींचा संघ पहिल्यांदा विभागीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत आला होता. सकाळी उपांत्य सामना, दुपारी तीनला अंतिम. आमची पहिल्या तुकडीत पळणारी मुलगी फार गुणी होती. तिचं नाव मी घेत नाही. तीन-साडेतीन मिनिटं ती सहज पळायची, आणि साखळीत अशी फिरायची की पाठलाग करणारीलाच चक्कर यावी. सकाळच्या सामन्यात ती हूल देऊन दोन बसलेल्या मुलींच्या मधून निसटली, तेव्हा पाय टेकला तो वेडावाकडा. सामना झाला. ती चालत आली, पण चालताना ओठ मिटलेले होते. मी पाहिलं.

जेवणाच्या सुट्टीत गुडघा फुगला. मी स्प्रे मारला, पट्टी बांधली आणि विचारलं, "बाळा, दुखतंय का?"

ती म्हणाली, "नाही सर."

श्रोते हो, चौदा वर्षांच्या पोरीला अंतिम सामन्याच्या दोन तास आधी हा प्रश्न विचारायचा नसतो. तिचं उत्तर काय येणार हे मला माहीत होतं. ते उत्तर यावं म्हणूनच मी विचारलं होतं. म्हणजे खेळवण्याचा निर्णय माझा, पण तो मी तिच्या तोंडून वदवून घेतला. वीस-पंचवीस वर्षं मी ही गोष्ट स्वतःला वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगून बघितली, पण फिरून तिथंच येतो.

गुणलेखकाकडे नऊ नावं द्यायची होती. दहावी मुलगी, म्हणजे राखीवपैकी पहिली, वर्षभर त्याच तुकडीचा सराव करत होती. ती दोन मिनिटं पळायची, कधी सव्वादोन. मी तिचं नाव लिहिलं नाही. तिच्याकडे बघितलंही नाही.

आम्ही एका गुणानं जिंकलो. दुसऱ्या डावात ती खांबाला वळसा घालताना पडली आणि उठली नाही. बाकीच्या मुली नाचत होत्या आणि मी आणि दुसऱ्या शाळेचे एक सर तिला उचलून बाहेर नेत होतो. गुडघ्यातला बंध तुटला होता. आज त्यावर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होते, खेळाडू वर्षभरात परत मैदानात येतो. त्या वेळी आमच्या गावात त्याला 'लचकलं' म्हणत आणि चोळून घेत. जिल्ह्याच्या ठिकाणी दाखवायला मी घेऊन गेलो, प्लास्टर झालं, पण पुढचं तिच्या वडिलांना झेपणारं नव्हतं आणि मलाही. ते मला एका शब्दानं बोलले नाहीत. चहा दिला. "खेळ म्हटल्यावर लागायचंच," म्हणाले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

चषक मुख्याध्यापकांच्या खोलीत ठेवला. संस्थेनं माझा सत्कार केला, शाल दिली.

ती मुलगी पुन्हा मैदानावर आली नाही. मी तिला वेळ लावायला, गुण लिहायला बोलावलं. ती "येते सर" म्हणायची आणि यायची नाही. दहावी झाली, लग्न ठरलं. लग्नाला मी गेलो. तिला पाटावर मांडी घालता येईना म्हणून विधींना खुर्ची दिली होती. लोकांना ती नवी पद्धत वाटली. कुणीतरी कौतुकानं म्हणालंसुद्धा की आता असं शहरासारखं करतात.

त्यानंतर मी काही गोष्टी बदलल्या. मोठ्या नाहीत. दुखतंय का हे मुलाला विचारायचं बंद केलं. त्याऐवजी एका पायावर उभं राहायला सांगायचो, तीन उड्या मारायला सांगायचो आणि स्वतः बघायचो. जमलं नाही तर त्या दिवशी बाहेर, मग पुढे काही असो. रडली, रुसली, घरचे भांडायला आले, तरी बाहेर. निर्णय मोठ्या माणसानं घ्यायचा आणि त्याचा राग त्यानंच सोसायचा. प्रशिक्षकाला शिट्टी देतात ती यासाठी. आणि दुसरं म्हणजे तालुक्याच्या फेरीत प्रत्येक राखीव मुलगी निदान एका डावात उतरेलच असा नेम केला. यामुळे आम्ही दोन वर्षं जिल्ह्यालाही पोचलो नाही. क्रीडागुण हुकले म्हणून पालक नाराज झाले, मुख्याध्यापकांनी बोलावून विचारलं. त्यांचंही चुकलं नव्हतं. शाळेचं नाव वर्तमानपत्रात येतं ते चषकानं येतं, राखीव मुलगी दीड मिनिट पळाली म्हणून येत नाही.

क्रीडागुणांविषयी एक बोलून पुढे जातो. ती सवलत खेळाडूंच्या भल्यासाठी आली, अनेकांना तिचा उपयोगही झाला. पण तिच्यामुळे नववीपर्यंत मैदानाकडे न फिरकलेली मुलं दहावीत प्रमाणपत्रासाठी येऊ लागली, आणि खरोखर खेळणाऱ्या मुलांना त्यांचे पालक त्याच वर्षी 'आता खेळ बंद' म्हणून घरी बसवू लागले. दोन्हीकडून मैदानाची गंमत गेली. असो.

२०१२ साली निवृत्तीच्या समारंभाला जुनी मुलं-मुली आली. त्यांत ती दहावी मुलगी होती. आता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. हारतुरे झाले, भाषणं झाली, सगळ्यांनी १९९८ च्या चषकाचं नाव घेतलं. चहाच्या वेळी ती माझ्याजवळ आली. इकडचं तिकडचं बोलली आणि मग म्हणाली, "सर, त्या दिवशी मी तुमच्यासमोरून दोनदा धावत गेले होते. अंग गरम करायला नव्हे. तुम्ही बघाल म्हणून."

मला काही बोलता आलं नाही.

"माझा राग नाही सर," ती म्हणाली. "पण मी अजून वर्गात कुणी हात वर केला की आधी मागच्या बाकाकडे बघते."

मी तिला विचारलं, तुला खेळवलं असतं तर काय झालं असतं? ती हसली. "हरलो असतो सर. मी सव्वादोनच मिनिटं पळायचे."

हिशेब अगदी चोख होता. तिला खेळवलं असतं तर चषक गेला असता, एक गुडघा वाचला असता आणि एका मुलीनं आयुष्यभर सांगितलं असतं की मी विभागीय अंतिम सामना खेळले आहे, आमच्या नशिबात नव्हता. मी कागदावर नऊ नावं लिहिली तेव्हा यातलं काहीच मांडलं नाही. फक्त चषक मांडला.

आज गोष्टी बदलल्या आहेत, त्या सगळ्या वाईट नाहीत. धाराशिवच्या सारिका काळेनं २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या खो-खो संघाचं नेतृत्व करून सुवर्णपदक आणलं आणि २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. मुलींचा आणि मुलांचा, दोन्ही चषक भारताला मिळाले आणि दोन्ही कर्णधार, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, महाराष्ट्राचे. गावोगावच्या मातीवर सकाळी खडे वेचणाऱ्या कितीतरी अनोळखी पी.टी.च्या सरांचा आणि बाईंचा त्यात वाटा आहे. पण त्याच वेळी शिक्षण हक्क कायद्यातली वरच्या प्राथमिक वर्गांसाठीची तरतूद बघा. शंभराहून जास्त मुलं असतील तर शारीरिक शिक्षणाला अंशकालीन निदेशक, असं त्यात म्हटलं आहे. अंशकालीन. तासापुरता आलेला माणूस कोण न जेवता आलंय हे कधी बघणार? त्याला तर स्वतःलाच पुढच्या शाळेत जायची घाई असते. मी त्याला दोष देत नाही. मला पूर्ण वेळ होता, पूर्ण पगार होता, पापण्या ओढून बघण्याइतकं शहाणपण होतं, तरी त्या दुपारी मी दहावीकडे बघितलं नाही.

निवृत्तीनंतर मी सामने बघायला जातो. ओळखीचे लोक व्यासपीठावर बोलावतात, खुर्ची देतात. मी जात नाही. मैदानाच्या कडेला राखीव मुली बसतात ना, त्यांच्या मागे गवतावर बसतो. तिथून सामना नीट दिसत नाही, पाठमोऱ्या वेण्याच दिसतात. मागच्या हिवाळ्यात तालुक्याच्या स्पर्धेत अशीच एक मुलगी सारखी उभी राहायची, पाय झटकायची, परत बसायची. मध्येच ती मागे वळली आणि म्हणाली, "आजोबा, किती मिनिटं राहिली?"

मी घड्याळ बघून सांगितलं, "चार."